मसुदा हलला की पुन्हा नोटिफाय

युरोपियन युनियनमधल्या एखाद्या देशात तंबाखू, दारू नाहीतर व्हेपवर कडक कायदा करून घ्यायचा तर हाताशी काय काय हवं, असं विचारणारे मराठी डॉक्टर आणि पब्लिक हेल्थ शिकलेली पोरं हल्ली बरीच भेटतात. मी इथल्या एका लहान देशात, एका लहानशा आरोग्यसंस्थेत हेच काम करते आणि त्यात एकदा सपशेल तोंडावर आपटले आहे. म्हणून ही यादी. ती सगळीकडे सारखी नाही, कारण मीही सगळीकडे सारखी चुकले नव्हते.

पुरावा लागतो, हे सांगायला नको. पुराव्यापेक्षा अवघड प्रश्न असतो तो हा: हाच उपाय का, याहून सौम्य का नाही? युनियनच्या करारातलं कलम 34 सांगतं की एका देशाचा माल दुसऱ्या देशात जाताना आडकाठी नको. कलम 36 सांगतं की माणसांच्या जिवासाठी, आरोग्यासाठी ती करता येईल, पण पटवून द्यावं लागेल. 1979 च्या प्रसिद्ध कासिस प्रकरणात (कासिस हे फ्रेंच मद्य, जर्मनीने त्याची विक्री अडवली होती) जर्मनीने युरोपियन कोर्टाला चक्क असं सांगितलं होतं की फ्रान्सहून येणाऱ्या कमी अल्कोहोलच्या मद्यामुळे लोकांना दारूची सवय लागेल. कोर्टाने ते मानलं नाही, आणि मानण्यासारखं नव्हतंच. तेव्हापासून कुणी ‘आरोग्य’ म्हटलं की इथले वकील आधी भुवई उडवतात.

स्कॉटलंडचं उदाहरण पाठ करून ठेवा. 2012 मध्ये तिथे कायदा झाला, दारूच्या प्रत्येक युनिटला (म्हणजे शुद्ध अल्कोहोलच्या ठरावीक मापाला) किमान किंमत ठरवायचा. तेव्हा ब्रिटन युनियनमध्येच होतं. व्हिस्कीवाले कोर्टात गेले. डिसेंबर 2015 मध्ये युनियनच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने विचारलं की कर वाढवून हेच साधत असेल तर किंमत कशाला बांधता, आणि निवाडा परत तिथल्या कोर्टांवर सोपवला. शेवटी 1 मे 2018 ला 50 पेन्सांची किमान किंमत लागू झाली. सहा वर्षं गेली. उत्तर तसं साधं होतं: कर वाढला तरी दुकानदार तो पोटात घालून स्वस्तात विकू शकतो, आणि बेसुमार पिणारा नेमकी तीच स्वस्त बाटली उचलतो. असं दोन ओळींचं उत्तर तुमच्याकडे पहिल्या दिवशी तयार हवं.

आता कुठल्या कलमाखाली लढताय ते बघा. आरोग्याचं कलम 168 आहे, वाचायला छान आहे, पण त्याखाली सगळ्या देशांचे कायदे एकसारखे करता येत नाहीत. ते होतं कलम 114 खाली, म्हणजे बाजाराच्या नावाने. त्यामुळे ब्रसेल्सला, युनियनच्या मुख्यालयी, गेलात की मनात आरोग्य आणि कागदावर बाजार, अशी कसरत करायची. ती न जमल्यामुळे तंबाखूच्या जाहिरातबंदीचा 1998 चा डिरेक्टिव्ह (सदस्य देशांना बांधील असा युनियनचा कायदा) 5 ऑक्टोबर 2000 ला न्यायालयाने अख्खा रद्द केला. कॅफेतल्या छत्र्या आणि ॲशट्रेवरच्या जाहिराती बंद करून देशादेशांमधला व्यापार कसा काय सोपा होतो, असा सरळ प्रश्न होता, आणि त्याला उत्तर नव्हतं. 2003 मध्ये छापील माध्यमं, रेडिओ, इंटरनेट आणि सीमेपलीकडच्या प्रायोजकत्वापुरता आवळलेला डिरेक्टिव्ह आला, तो टिकला.

आता नोटिफिकेशन. मी इथेच मेले, त्यामुळे इथे लांबण लावणार.

सदस्य देशाला मालाबद्दल कुठलाही तांत्रिक नियम करायचा असेल, म्हणजे काय घालायचं नाही, वेष्टनावर काय छापायचं, कुठला प्रकार विकायचा नाही, तर मसुदा आधी युरोपियन कमिशनकडे, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाकडे, नोंदवावा लागतो. हेच नोटिफिकेशन. डिरेक्टिव्ह 2015/1535, बोलीभाषेत ‘ट्रिस’. नोंदवल्यापासून तीन महिने हाताची घडी घालून बसायचं, कायदा मंजूर करायचा नाही. या काळात दुसऱ्या एखाद्या देशाने किंवा कमिशनने सविस्तर आक्षेप पाठवला तर तीनाचे सहा महिने. नोंदवलंच नाही तर? तर तो नियम कुणाही नागरिकावर लादता येत नाही. हे ठरलं 1996 मध्ये, बेल्जियममधल्या चोरघंट्या विकणाऱ्या कंपन्यांच्या भांडणात. आमचं आरोग्याचं काम आजही त्या चोरघंटीवर अडतं.

आमच्याकडे मसुदा होता व्हेपमधल्या फळांच्या आणि चॉकलेटच्या चवी बंद करायचा. मंत्रालयाने तो रीतसर नोंदवला. आई दरवर्षी पाठवते ते कालनिर्णय माझ्या स्वयंपाकघरात असतं, त्यावर मी तीन महिने लाल पेनाने गोल करत गेले. एकही मोठा आक्षेप आला नाही. मग संसदेत शेवटच्या वाचनाला आम्ही एका खासदाराला धरून एक दुरुस्ती घुसवली, की हाच नियम निकोटिन पाऊचनाही (ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या पुड्यांनाही) लावा. एका वाक्याची दुरुस्ती. मंजूर झाली. संध्याकाळी ऑफिसात केक कापला, मी फोटोही टाकला.

ते वाक्य नोंदवलेल्या मसुद्यात नव्हतं. नोंदवल्यावर मसुद्याची व्याप्ती वाढली, अट कडक झाली किंवा अंमलाची मुदत कमी झाली की पुन्हा नोंदवायचं आणि पुन्हा तीन महिने थांबायचं, असं त्याच डिरेक्टिव्हच्या कलम 5 मध्ये लिहिलंय. मी ते वाचलेलं होतं, हे जास्त लागतं. पुढे फळांच्या चवीचे पाऊच विकल्याबद्दल दंड झालेला एक दुकानदार कोर्टात गेला. त्याच्या वकिलाचा अर्ज दीड पानाचा होता. त्यात निकोटिन नव्हतं, मुलं नव्हती, आमच्या दोनशे पानांच्या अहवालाचा उल्लेखही नव्हता. फक्त दोन तारखा होत्या, नोंदवल्याची आणि दुरुस्तीची. दंड रद्द. पाऊचवरचा नियम कागदावर राहिला आणि पाऊच काउंटरवर, च्युइंगगमच्या शेजारी.

तेव्हा: मसुदा हलला की पुन्हा नोटिफाय. आपलीच दुरुस्ती असली तरी. आपली असली तर विशेषच, कारण त्या आनंदात कुणी तपासत नाही. मंत्रालय बघेल असं धरून चालू नका. तिथे तो विषय बघणारा एक माणूस असतो आणि तो ऑगस्टमध्ये सुट्टीवर असतो. दुरुस्ती मांडायच्या आधी विचारा, हे नोंदवलंय का? नसेल तर दुरुस्ती नोंदणीच्या आधी मूळ मसुद्यात घाला किंवा तीन महिने जादा धरा.

(उलट बाजूने गंमतही आहे. एका डच मद्यपी चालकाने असा बचाव केला होता की श्वासचाचणीच्या यंत्राचे नियम नोंदवलेले नव्हते, सबब माझी चाचणी बाद करा. 1998 मध्ये न्यायालयाने तो बचाव फेटाळला. म्हणजे हे हत्यार कुणालाही कुठेही चालत नाही. पण मालाच्या विक्रीवर चालतं, आणि आपलं काम मालाच्या विक्रीचंच आहे.)

त्या तीन महिन्यांत झोपायचंही नाही. ट्रिसवर मत कुणीही पाठवू शकतं, आणि उद्योगवाले पाठवतातच. आयर्लंडने दारूच्या बाटलीवर यकृताच्या आजाराचा आणि कॅन्सरचा इशारा छापायचा मसुदा जून 2022 मध्ये नोंदवला, तेव्हा इटली, फ्रान्स, स्पेन या वाइनवाल्या देशांनी विरोध केला. कमिशनने अडवलं नाही, 22 मे 2023 ला सही झाली, तीन वर्षांची मुदत दिली. आणि 2025 मध्ये तिथल्या सरकारनेच अंमल 2028 वर ढकलला. आपल्या बाजूच्या देशांतल्या संस्थांकडून पाठिंब्याची मतं आधीच लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात सगळे हो म्हणतात, बाराव्या आठवड्यात फोन उचलत नाहीत. आयर्लंडला ट्रिसनंतर जागतिक व्यापार संघटनेकडेही नोंद करावी लागली. तो वेगळा दरवाजा आहे, तिथे प्रतिक्रियेला साधारण 60 दिवस धरा.

पारदर्शकता नोंदणी (युनियनमध्ये कायद्यांसाठी पाठपुरावा करणाऱ्यांची जाहीर यादी): करा, पैसा कुठून येतो ते खरं लिहा, विषय संपला. तंबाखू कंपनीच्या माणसाशी कॉफीसुद्धा नको. अधिकारी भेटले असतील तर तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराचं कलम 5.3 दाखवून नोंदी मागा.

खुद्द ब्रसेल्सचा कायदा असेल तर प्रस्ताव आल्यावर मत द्यायला आठ आठवडे, पण तोवर उशीर झालेला असतो, खरी वेळ प्रस्तावाआधीची. समित्यांची आकडेमोड, बंद दाराआडच्या वाटाघाटी, मंत्रिपरिषदेत बहुमताला लागणारे 55 टक्के देश आणि 65 टक्के लोकसंख्या, हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. भाषांतरं तपासा. जुन्या मालाला किती मुदत देणार ते आधी ठरवा. पत्रकारांचे नंबर ठेवा. दमले मी.

एवढं मात्र कराच. अंतिम मतदानाच्या आदल्या दिवशी नोंदवलेला मसुदा आणि मतदानाचा मसुदा छापून घ्या, दोन माणसं समोरासमोर बसवा, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवून जुळवायचं. आमच्या मसुद्याची नऊ पानं होती. वीस मिनिटं लागली असती.