वाक्-श्रवणशास्त्राचा अभ्यास: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी

वाचा आणि श्रवणदोषांवर उपचार करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने बारावीला विज्ञान शाखा घ्यावी आणि बीएएसएलपी (बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी) ही पदवी निवडावी. तिच्या चार वर्षांपैकी शेवटचे वर्ष आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) असते. महाविद्यालयाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे प्रवेशापूर्वीच पाहावे, कारण व्यवसायासाठी याच परिषदेची नोंदणी लागते. राज्यातील आरोग्य विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच असले, तरी अभ्यासासाठी मुंबई-पुण्याची तयारी ठेवावी.

पहिल्या वर्षी शरीररचनेइतकाच वेळ ध्वनिविज्ञानाला, म्हणजे उच्चारांच्या शास्त्रीय अभ्यासाला, द्यावा. माझ्या मते तोच या विद्येचा पाया आहे. ऐकलेला प्रत्येक उच्चार आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत (कोणत्याही भाषेतील उच्चार नेमके नोंदवणाऱ्या चिन्हांत) लिहिण्याचा रोज सराव करावा आणि ‘चमचा’तील व ‘चहा’तील च वेगळे ओळखता यावेत इतका कान तयार करावा. बागलाण-मालेगावकडचे अहिराणी बोलणारे मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणते, तेव्हा तो त्याच्या बोलीचा नियम असतो, उच्चारदोष नव्हे. हा भेद न कळल्यास निरोगी मुलावर विनाकारण उपचार लादले जातात. म्हणून घरची बोली विचारल्याशिवाय तपासणीचा निष्कर्ष कधीही लिहू नये.