बँकेतली शिल्लक आपली नसते: छोट्या कलासंस्थांनो, या चुका टाळा

नव्या खजिनदाराचा फोन आला की मी आधी विचारतो, मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद हाताशी आहेत का? ‘यंदाचा आहे,’ असं उत्तर येतं. दुखणं तिथूनच सुरू होतं.

सगळ्यात महाग चूक म्हणजे खात्यात दिसेल ते आपलं समजणं. मीही केलीय. आमच्या नाट्यसंस्थेला तीन वर्षांच्या प्रकल्पासाठी अनुदान मिळालं, तेही एकरकमी. आम्ही सगळं पहिल्याच वर्षीच्या उत्पन्नात धरलं. जमाखर्चात घसघशीत शिल्लक! कार्यकारिणी खूश, जुनी उधारी फेडली, नवे दिवे घेतले. पुढच्या दोन्ही वर्षी कागदावर नुसती तूट. ती बघून एक देणगीदार बिचकला. तिसऱ्या वर्षी कलाकारांच्या मानधनाला पैसे उरले नाहीत आणि अनुदान देणाऱ्यांनी विनियोगाचा हिशेब मागितला. दिव्यांचं बिल त्यात कुठे बसवणार? आम्ही चौघांनी खिशातून भरले. तेव्हापासून अटी असलेला पैसा वेगळ्या बँक खात्यात. खतावणीत, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीत, वेगळं पान पुरतं, असं हिशेबनीस सांगतात. खरंय, पण पान कुणी उघडत नाही, पासबुक सगळे उघडतात.

खर्च ‘गेल्या वर्षीइतकाच’ धरणारेही भरपूर. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच यामागचं कारण मांडलं होतं. कारखान्यात यंत्रं येतात, माणशी उत्पादन वाढतं. चार वादकांची रचना वाजवायला मात्र आजही चौघंच लागतात, वेळही तेवढाच. बाहेरचे पगार वाढले की मानधन वाढवावंच लागतं, तिकीट त्या वेगाने वाढवता येत नाही. म्हणून हाउसफुल्ल होऊनही तूट रुंदावते. हे धरूनच देणग्या मागायला निघा, मार्च उजाडल्यावर नको.

कबूल झालेली देणगी म्हणजे आलेली देणगी नव्हे. कार्यालयाचं भाडं आणि ऑडिटरची फी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात घालायला लाजू नका. फुकट मिळालेल्या तालमीच्या जागेचीही किंमत लिहून ठेवा. ती जागा गेली की खरा खर्च कळतो.

मी दर महिन्याला पुढच्या बारा महिन्यांची पैशांची आवक-जावक पेन्सिलीने मांडतो. ‘त्यापेक्षा एखादं ॲप सांगा ना,’ म्हणणाऱ्यांना मी आधी तीन महिने हाताने लिहायला लावतो. बरेच जण परत फोन करत नाहीत.