जीप उचलण्याआधी टायरचा हिशोब करा

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्यात गाडी रुतली की 'लिफ्ट किट (सस्पेन्शन उंच करणारे सुटे भाग) टाकून घे' हा सल्ला हमखास मिळतो. पण सस्पेन्शन लिफ्टने फक्त बॉडी आणि चॅसिस वर जातात. अखंड अ‍ॅक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेल्या) गाडीत सगळ्यात खाली लोंबणारा डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा तिथेच राहतो, आणि दगडाला तोच लागतो. त्याला उचलतो तो मोठा टायर.

म्हणून आधी टायर ठरवा. 245/75 आर 16 मापाच्या टायरचा व्यास सुमारे 774 मिमी, 265/75 आर 16 चा 804. फरक 30 मिमी, पण गोळा वर जातो निम्मा, म्हणजे 15 मिमीच. शिवाय स्पीडोमीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी 104 च्या आसपास असेल. हे यवतेश्वर घाट उतरताना ध्यानात असू द्या.

टायर बसण्यापुरतीच लिफ्ट घ्या. जास्त उंची म्हणजे गुरुत्वमध्य वर, आणि वळणावर गाडी जास्त कलंडते. बसवल्यावर एक चाक मोठ्या दगडावर चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा: टायर घासतो का, ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणतो का? मग अलाइनमेंट. स्टेपनीही त्याच मापाची हवी.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. पैसे देण्याआधी साताऱ्याच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, उत्तर लेखी घ्या.