भूजलाचा नकाशा काढताना या चुका टाळा

काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बागेत मी नकाशा दाखवत होतो. मालकाने आपल्या वावरावर बोट ठेवलं. ‘साहेब, आमची विहीर तर मार्चातच आटते. मग इथं निळा रंग कायले देल्ला?’

त्या वावरात एकही मोजमाप झालं नव्हतं. दूरच्या दोन विहिरींचे आकडे क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले होते, मधली जागा सॉफ्टवेअरने नुसतं अंतर पाहून भरली. सगळ्यात मोठी चूक हीच. नागपूर जिल्ह्यात पश्चिमेला काटोल-नरखेडकडे बेसाल्ट आहे, कामठी-सावनेर भागात वालुकाश्म, पूर्वेकडे नाइस हा कठीण खडक. बेसाल्टमध्ये पाणी मुरमात आणि भेगांत असतं. बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली नि पलीकडची कोरडी, हे नेहमीचंच. म्हणून आधी कुठे कोणता खडक आहे तो भूगर्भाचा थर नकाशात टाका, प्रत्येक खडकातल्या विहिरी वेगळ्या घ्या. उथळ विहीर आणि खोल बोअर एका नकाशात मिसळू नका. मोजमाप नसेल तिथे जागा कोरी सोडा. निळा रंग पाहून बोअर मारली जाते आणि त्यात शेतकऱ्याचे पैसे जातात.

पातळी मोजताना टेप कठड्यावरून सोडतात आणि कठडा वजा करायला विसरतात. टेप ९.४ मीटर दाखवतो, कठडा ०.९ मीटर, तर पाणी जमिनीपासून ८.५ मीटरवर आहे. पाणी कुठल्या दिशेला वाहतं हे या खोलीवरून ठरत नाही. जमिनीच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून ती वजा करा. ती उंची मोबाइलवरून घेऊ नका, काही मीटरांचा फरक सहज पडतो.

विहिरीचा ठिपका नकाशात भलत्याच गावात पडला तर अक्षांश तपासा. २१ अंश ८ मिनिटं म्हणजे २१.१३३, २१.०८ लिहिलंत तर विहीर सुमारे ६ किलोमीटर दक्षिणेला सरकते. यूटीएम झोन, म्हणजे नकाशासाठी पृथ्वीचे पाडलेले उभे पट्टे, तोही पाहा: पुण्याचा ४३, आपला नागपूरचा ४४.

मे म्हणजे पावसाआधीचे आणि नोव्हेंबर म्हणजे पावसानंतरचे आकडे एकत्र करू नका.

गुणवत्तेच्या नकाशात जास्त जपायला हवं, कारण ते पाणी लेकरं पितात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. सॉफ्टवेअरने आपोआप पाडलेल्या गटांत ३८ आणि ५२ एकाच रंगात येऊ शकतात, तेव्हा रंगाची सीमा स्वतः ४५ वर ठेवा. फ्लोराइडसाठी दोन सीमा ठेवा: १.० ही इष्ट मर्यादा आणि १.५ ही दुसरं पाणी नसेल तर चालणारी कमाल मर्यादा. विहिरीला लागून शेणखताचा उकिरडा असेल तर तिथलं नायट्रेट त्या विहिरीपुरतंही असू शकतं. ते अख्ख्या गावावर पसरवू नका. ठिपकाच दाखवा आणि शेजारी नमुना घेतल्याची तारीख लिहा.