जेनकिन्सचा बिल्ड अडला: दोष प्लगिनचा की पॅरामीटरचा?

चवथीच्या आदल्या दिवशी पर्वरीतल्या आमच्या ऑफिसातली अर्धी टीम घरी निघाली होती आणि जेनकिन्सवर (कोड आपोआप बांधून तपासणारा सर्व्हर) बिल्ड लाल, म्हणजे फसलेला. दुपारीच कुणीतरी पाच-सहा प्लगिन (जेनकिन्सला जोडलेले जादा भाग) एकदम अपडेट केली होती, त्यामुळे सगळ्यांचा राग त्यांच्यावर. ती मागे घेण्यात दोन तास गेले, बिल्ड लालच. चूक पॅरामीटरच्या, म्हणजे बिल्डला बाहेरून दिलेल्या किंमतीच्या, नावात होती.

म्हणून आधी काहीही न बदलता कन्सोल आउटपुट (त्या बिल्डची नोंद) उघडा आणि पहिली चूक शोधा. शेवटची ओळ बहुतेकदा नुसता परिणाम असते. ‘नो सच डीएसएल मेथड’ (अशी आज्ञा नाही) दिसलं, तर स्क्रिप्टमधल्या स्टेपचं, म्हणजे त्या आज्ञेचं, नाव नीट लिहिलंय ना ते बघा. नाव बरोबर असेल, तर ती स्टेप देणारं प्लगिन नाही किंवा लोड झालेलं नाही. स्क्रिप्ट चालू होऊन मधेच मोडत असेल, तर पॅरामीटरकडे वळा.

प्लगिनचा संशय असल्यास प्लगिन मॅनेजर उघडा. कोणतं प्लगिन लोड झालं नाही आणि त्याला कशाची कोणती आवृत्ती हवी, ते तिथे लिहिलेलं असतं. तेवढंच अपडेट करा. ‘सगळं अपडेट’ हा उपाय नव्हे, तो जुगार. उलट जायचं असेल तर इन्स्टॉल्ड यादीत डाउनग्रेडचं बटण मिळतं. एक सांभाळा: प्लगिन बंद असताना ते वापरणाऱ्या जॉबचं (जेनकिन्सला नेमून दिलेल्या कामाचं) कॉन्फिगरेशन सेव्ह करू नका, त्या प्लगिनच्या सेटिंग्ज पुसल्या जाऊ शकतात. आणि अपग्रेडनंतर सर्व्हरच उठत नसेल, तर जावाची आवृत्ती बघा, २.४७९.१ या एलटीएसला (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) किमान जावा १७ लागतं.

आता पॅरामीटर. आमच्याकडे एक जॉब दुसऱ्याला ‘शाखा’ नावाची किंमत पाठवत होता. दुसऱ्या जॉबमध्ये कुणीतरी ते नाव बदललं होतं. मे २०१६ च्या सुरक्षा दुरुस्तीपासून, जॉबमध्ये जाहीर न केलेला पॅरामीटर जेनकिन्स टाकून देतो. बिल्डच्या कन्सोलमध्ये त्याची दखलही नसते. ‘स्किप्ड पॅरामीटर’ ही ओळ जेनकिन्सच्या सिस्टम लॉगमध्ये असते, आणि तिथे आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. ते बंधन उठवणारी सेटिंग आहे, पण ती लावू नका. बाहेरून आलेली कुठलीही किंमत बिल्डच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (कमांडना दिसणाऱ्या किंमतींच्या यादीत) घुसेल. दोन्हीकडे नाव एकच ठेवा, अक्षरांच्या लहान-मोठेपणासकट.

जेनकिन्सफाइलमध्ये (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) नवा पॅरामीटर लिहिला आणि ‘बिल्ड विथ पॅरामीटर्स’ दिसत नाही? एकदा बिल्ड चालवा. पहिल्या रनमध्येच जेनकिन्सला तो कळतो.

हो-नाहीचा पॅरामीटर मात्र पक्का लबाड. ‘पॅराम्स’मधून घेतलात तर खरा बुलियन (हो किंवा नाही) मिळतो, ‘एन्व्ह’मधून, म्हणजे एन्व्हायर्नमेंटमधून, घेतलात तर ‘फॉल्स’ हा नुसता शब्द. ग्रूव्हीत (जेनकिन्सफाइलची भाषा) रिकामा नसलेला शब्द खराच धरला जातो, म्हणून चौकोनात टिक नसतानाही डिप्लॉय होतं. शेवटी किंमतीतली दोन शब्दांमधली मोकळी जागा तपासा: ‘म्हापसा मार्केट’ अशी किंमत शेलमध्ये अवतरणाशिवाय वापरली, की तिचे दोन तुकडे होतात आणि कमांडला एकाऐवजी दोन वेगळे शब्द मिळतात.