एलईडी बल्ब फडफडतोय? नवा आणण्याआधी बटन आणि होल्डर बघा

दिवा फडफडला की आपल्याकडे नागपुरात उपाय ठरलेला असतो. बर्डीच्या बाजारात जायचं आणि नवा बल्ब घेऊन यायचं. तोही काही महिन्यांत फडफडला की दुकानदार म्हणतो, “भाऊ, चांगल्या कंपनीचा न्या ना.” कंपनी बदलते, होल्डर तोच राहतो, फडफडही तीच राहते.

आधी बल्ब काढून दुसऱ्या खोलीत, जिथे दिवा नीट चालतो तिथे लावा आणि निदान वीस मिनिटं चालू ठेवा. दोन मिनिटांत निकाल देऊ नका. आतल्या एलईडीच्या चकत्या बहुतेक एकामागे एक जोडलेल्या असतात. एखादीचा टाका सुटत आला असेल तर थंड असताना तो चिकटून राहतो आणि तापला की सुटतो. तिथेही फडफडला तर बल्ब गेला, विषय संपला. नाही फडफडला तर बल्ब निर्दोष आहे, तो फेकू नका.

आता किती दिवे फडफडतात ते बघा. कूलर सुरू करताना दिवा क्षणभर मंदावला तर त्यात काही नाही, मोटर सुरू होताना जास्त करंट ओढतेच. एकाच बोर्डावरचे सगळे दिवे फडफडत असतील तर त्या बोर्डातला जोड ढिला आहे. घरभर काही दिवे एकदम लख्ख आणि काही मंद, असं दिसलं तर मात्र मेन स्विच लगेच पाडा. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सुटल्याची ही खूण आहे. थ्री फेज लाईनवर, म्हणजे करंट आणणाऱ्या तीन तारांच्या (फेजच्या) लाईनवर, न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर 230 व्होल्टऐवजी 300च्या वर व्होल्टेज येऊ शकतं. तेव्हा फ्रिज आणि टीव्ही आधी जातात, बल्ब तर किरकोळ. वीज कंपनीच्या 1912 या नंबरवर तक्रार करा आणि स्वतः खांबाकडे जाऊ नका.

होल्डर सोपा आहे. मेन बोर्डावरचा त्या लाईनचा स्विच (एमसीबी) पाडून, टॉर्च लावून आत बघा. दोन पिनांपैकी एखादी आत रुतून बसली असेल किंवा काळी पडली असेल तर नवा पितळी पिनांचा होल्डर बसवा. पिन चिमट्याने बाहेर ओढून काम भागवणारे वायरमन मला मुळीच आवडत नाहीत. शंभर वॉटच्या जुन्या बल्बांनी वर्षानुवर्षं भाजलेल्या स्प्रिंगमध्ये दमच उरलेला नसतो. जुन्या बल्बची तार तापलेली राहायची, त्यामुळे क्षणभर संपर्क सुटला तरी ते दिसत नसे. एलईडी ते लपवत नाही, एवढाच फरक.

खरी डोकेदुखी पुढे आहे. बटन बंद केलं तरी बल्ब अंधारात मंद जळत राहतो किंवा दर काही सेकंदांनी लुककन चमकतो. मी यात बराच काळ अडकायचो, कारण जो तो वेगळंच सांगायचा. कुणी म्हणे बल्ब नकली, कुणी म्हणे अर्थिंग नाही. कारणं बहुतेक तीनच असतात आणि ती याच क्रमाने तपासायची.

पहिलं कारण बटनातला लाल इंडिकेटर. बटन बंद असताना तो जळतो तो बल्बमधूनच जाणाऱ्या बारीकशा करंटवर. जुन्या बल्बला तेवढ्याने काही होत नसे. एलईडीच्या आतला कपॅसिटर मात्र तो करंट थेंबाथेंबाने साठवतो, भरला की चमकतो आणि पुन्हा रिकामा होतो. साधं बटन बसवा, झालं.

दुसरं कारण न्यूट्रलवर बसवलेलं बटन. हे धोक्याचं आहे. एमसीबी चालू ठेवून पण बटन बंद करून, लाकडी स्टुलावर उभं राहून, बल्ब काढलेल्या होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा. होल्डरमध्ये बल्ब नसताना एका पिनेवर टेस्टर लख्ख पेटला तर फेज होल्डरपर्यंत थेट आलाय, म्हणजे बटन बंद करूनही बल्ब बदलताना शॉक बसू शकतो. महाल-इतवारीतल्या जुन्या, लाकडी पट्टीच्या वायरिंगच्या घरांत हे तपासल्याशिवाय होल्डरला हातच लावू नका. दुरुस्ती वायरमनकडूनच करून घ्या. फेज बटनावर आणायला सांगा आणि झाल्यावर स्वतःसमोर पुन्हा टेस्टर लावून घ्या. “बल्ब बदला, चालून जाईल” म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

तिसरं कारण जिन्याच्या टू-वे वायरिंगमध्ये, म्हणजे एकच दिवा वरून-खालून दोन बटनांनी लावता येतो तिथे, आढळतं. लांबवर शेजारीशेजारी गेलेल्या तारांत फेजचा अंश उतरतो. डिजिटल मीटर लावला तर साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो आणि माणूस घाबरतो. मीटरवर विसंबू नका, टेस्टरही इथे मंद पेटून फसवतो. घरात पडलेला जुना झिरोचा तारेचा बल्ब त्याच होल्डरला लावा आणि तो असतानाच मीटर बघा. आकडा शून्याजवळ आला तर ते भुताटकीचं व्होल्टेज होतं. त्यासाठी बल्बच्या समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा, एक्स-टू लिहिलेला 275 व्होल्ट एसीचा कपॅसिटर वायरमनकडून जोडून घ्या. पंख्याचा कपॅसिटर, किंवा डीसी व्होल्ट छापलेला कुठलाही, इथे चालणार नाही.

प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरवर साधा एलईडी लावलाय? डिमर काढा, नाहीतर डिमेबल लिहिलेला बल्ब आणा. पंख्याच्या रेग्युलेटरशी याचा संबंध नाही.

बल्ब फडफडत नाहीत पण लवकर मरतात, तर वर बघा. बंद काचेच्या घुमटात किंवा पीओपीच्या खोबणीत बल्बची उष्णता बाहेर जात नाही. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली त्याची काय गत होते ते शिडीवर चढून हात लावल्यावर कळतं. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दर दहा अंशांना निम्मं होतं. घुमटाची काच उतरवा किंवा कमी वॉटचा बल्ब लावा. बंद घुमटात बारा वॉट घालायचा आणि मग कंपनीच्या नावाने बोटं मोडायची, याला अर्थ नाही.

नवा घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आयएस 16102 हा आकडा खोक्यावर बघा. बिल ठेवा आणि बल्बच्या पांढऱ्या अंगावर मार्करने खरेदीची तारीख लिहा. गॅरंटीत बदलून मागताना दुकानदाराशी वाद कमी होतो, आणि कोणत्या होल्डरवरचे बल्ब लवकर जातात तेही तुम्हाला समजतं.