चुकांचा भुर्दंड कोणावर? नवं तंत्रज्ञान तपासताना

‘एआय समाजासाठी चांगलं की वाईट?’ यावर तासन्‌तास वाद घालता येतो. हाती काही लागत नाही. आधी विषय आवळा. एकच यंत्रणा घ्या आणि ती कोणाबद्दल कोणता निर्णय घेते, हे एका वाक्यात लिहा. ‘चेहरा ओळखते’ हे ढोबळ झालं. ‘दारावर कोणाला अडवायचं हे कॅमेरा ठरवतो’ असं लिहिलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

मग पाहा, ती नेमकं काय मोजते. जे हवं ते मोजणं अवघड असतं, म्हणून त्याच्या जागी दुसरंच काही मोजलं जातं. बहुतेक घोळ इथेच होतो. अमेरिकेत वापरात असलेल्या एका प्रणालीने कोणत्या रुग्णाला जास्त देखभालीची गरज आहे, हे ठरवताना उपचारांवरचा खर्च धरला होता. तितक्याच आजारी कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्च कमी होत असे. म्हणून ते कमी गरजू ठरले. 2019 मध्ये संशोधकांनी हे दाखवून दिलं. गंमत म्हणजे प्रणालीला रुग्णाचा वंश पुरवलेलाच नव्हता. तेव्हा ‘आम्ही वंश, लिंग विचारतच नाही’ या खुलाशावर समाधान मानू नका.

‘99 टक्के अचूक’ असं ऐकलं की कागद घ्या. समजा 1,00,000 अर्जदारांत 100 लबाड आहेत, आणि यंत्रणा लबाड व प्रामाणिक दोघांनाही 99 टक्के वेळा बरोबर ओळखते. ती 99 लबाड पकडेल. पण 99,900 प्रामाणिकांपैकी 999 जणांवरही शिक्का बसेल. एकूण 1,098 संशयितांत खरे लबाड जेमतेम 9 टक्के! यंत्रणा बिघडलेली नाही, शोधायची गोष्टच दुर्मीळ आहे.

चुकांची नुसती सरासरी नको, ती गटागटाने फोडून मागा. 2018 च्या ‘जेंडर शेड्स’ अभ्यासात चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या होत्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर 0.8 टक्के होती, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत 34.7 टक्क्यांपर्यंत.

माणसंही चुकतात, हे खरं. म्हणून आज तोच निर्णय माणूस घेतो तेव्हा किती चुका होतात, तेही शेजारी मांडा. नाहीतर तुलना एकतर्फी होते.

दाद मागण्याची वाट मात्र नीट तपासा. निर्णयाचं कारण मिळतं का? तो फिरवण्याचा अधिकार असलेला माणूस आहे का? तक्रार चालू असताना लाभ थांबतो का? ब्रिटनमध्ये ‘होरायझन’ या सदोष हिशेबप्रणालीच्या आकड्यांवरून टपाल कार्यालयं चालवणारे शेकडो जण पैशांच्या अफरातफरीबद्दल दोषी ठरले. संगणक बरोबरच असणार, असं न्यायालयात गृहीत धरलं जाई. चूक दाखवायची ती आरोपीने, आणि प्रणालीच्या नोंदी दुसऱ्याच्या ताब्यात.

शेवटी, यंत्रणा सुरू होण्याआधीच ती कधी बंद करायची हे लिहून घ्या: कोणत्या गटात चुका किती टक्क्यांवर गेल्या की, कोणत्या तारखेच्या तपासणीत, आणि कोणाच्या सहीने. एकदा सगळा कारभार तिच्यावर बेतला की हा आकडा ठरवायला कोणी तयार होत नाही.